वेशीबाहेरचा रुग्ण

मनुष्याचे हृदय अकस्मात बंद पडले, तर त्याला वाचविण्यासाठी किती अवधी हाती असतो? शरीरविज्ञानाने या प्रश्नाचे उत्तर बरेच निश्चितपणे दिले आहे. हृदयाचे ठोके थांबताच मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह थांबतो आणि काही सेकंदांतच मनुष्य बेशुद्ध होतो. सुमारे चार मिनिटांनंतर प्राणवायूच्या अभावी मेंदूतील पेशींना इजा पोहोचू लागते. काहीच उपचार झाला नाही, तर जगण्याची आशा दर मिनिटास सात ते दहा टक्क्यांनी कमी होत जाते. दहा मिनिटे अशीच निघून गेली, म्हणजे आशेला फारशी जागा उरत नाही.

हे गणित रावाला आणि रंकाला सारखेच लागू आहे. मेंदूतील पेशीला जात ठाऊक नसते, वंश ठाऊक नसतो, की पत्ता ठाऊक नसतो. असे असूनही एकाच शहरातील एका वस्तीत कोसळलेला मनुष्य वाचतो आणि दुसऱ्या वस्तीत कोसळलेला, त्याच वयाचा व तशाच प्रकृतीचा मनुष्य दगावतो, असे वारंवार घडलेले दिसून येते. या भेदाचे कारण रुग्णाच्या शरीरात सापडत नाही. ते शोधण्यासाठी शरीराबाहेर यावे लागते, आणि तो मनुष्य कोणत्या वस्तीत राहतो व ती वस्ती इतरांपासून किती तुटलेली आहे, हे पाहावे लागते.

प्राणरक्षणाची साखळी

आकस्मिक आजारात प्राण वाचतात ते एखाद्या एकट्या औषधाने नव्हे. त्यासाठी अनेक माणसांनी एकामागून एक आपापले काम वेळेवर करावे लागते. प्रथम जवळच्या कोणीतरी संकट ओळखले पाहिजे. नंतर त्याने मदत मागविली पाहिजे आणि ती येईपर्यंत रुग्णाच्या छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण कसेबसे चालू ठेवले पाहिजे. मग वाहन आले पाहिजे, त्यात शिकलेली माणसे असली पाहिजेत, आणि शेवटी रुग्णालयाचे दार उघडले पाहिजे. वैद्यकशास्त्रात यास जीवितरक्षणाची साखळी म्हणतात. साखळीचे बळ तिच्या सर्वांत दुबळ्या कडीएवढेच असते, हे येथे अक्षरशः खरे आहे.

या साखळीतील पहिल्या कड्या रुग्णालयापासून दूर, गल्लीत आणि घरात असतात. १९६० साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉप्किन्स संस्थेच्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तीन संशोधकांनी असे दाखवून दिले की, छाती न उघडता केवळ दोन्ही हातांनी छातीच्या मध्यभागी लयबद्ध दाब दिल्यास थांबलेल्या हृदयाचे काम काही काळ चालविता येते. असा दाब देऊन निरोगी हृदयाच्या सुमारे पाव ते एक तृतीयांश इतकेच रक्त फिरते. तरी मेंदू काही मिनिटे अधिक टिकावा, एवढ्याला ते पुरेसे होते. या शोधाचे महत्त्व असे की, जीवितरक्षणाचे पहिले साधन त्यामुळे शस्त्रक्रियेच्या दालनातून बाहेर पडून सामान्य माणसाच्या हाती आले. विजेचा धक्का देऊन हृदयाची लय पूर्ववत करणारे यंत्र नंतर येते. परंतु ते येईपर्यंत शेजाऱ्याचे हात हेच यंत्र होय.

मात्र येथेच समाजरचनेचा प्रश्न वैद्यकात प्रवेश करतो. शेजारी कोण आहे, त्याला ही विद्या कोणी शिकविली आहे का, त्याच्या दारापर्यंत वाहन येते का, आणि आलेला वैद्य त्याच्या घरात पाऊल टाकतो का, या प्रश्नांची उत्तरे वस्तीप्रमाणे बदलतात. जन्मावरून, वर्णावरून किंवा जातीवरून माणसांच्या वस्त्या वेगळ्या पडल्या म्हणजे त्यास वस्त्यांचे पृथक्करण म्हणता येईल. महाराष्ट्रातील वाचकाला ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही. गावाची वेस आणि वेशीबाहेरचा महारवाडा ही त्याच्या परिचयाची चित्रे आहेत.

वेशीबाहेरचे तीन दाखले

१२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’ या साप्ताहिकात काठेवाडातील एका शिक्षकाचे पत्र प्रसिद्ध झाले. हा शिक्षक अस्पृश्य मानलेल्या जातीतील होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पुढे आपल्या आठवणींच्या छोट्याशा लेखनात या पत्राची नोंद केली. शिक्षकाच्या पत्नीस बाळंतपणानंतर दोन दिवसांनी आजार झाला व तो झपाट्याने वाढला. डॉक्टरने अस्पृश्यांच्या वस्तीत येण्यास नकार दिला. गावातील प्रतिष्ठितांनी रदबदली केल्यावर आणि दोन रुपये शुल्क ठरल्यावर तो आला. पण वस्तीच्या बाहेरच रुग्ण पाहीन, या अटीवर. तान्ह्या बाळासह त्या स्त्रीला बाहेर आणावे लागले. डॉक्टरने तापमापक एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो पतीस दिला आणि पतीने पत्नीस. परत आला तोही त्याच मार्गाने. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात तो पाहिला, न्यूमोनियाचे निदान केले आणि औषध पाठविले. पण पुन्हा रुग्णास पाहण्यास तो आला नाही. ती स्त्री मरण पावली.

या घटनेत औषध होते, तापमापक होता, निदान होते आणि शुल्कही दिले गेले होते. डॉक्टरचा हात तेवढा रुग्णापर्यंत पोहोचला नाही. छातीला नळी लावून श्वास ऐकणे, नाडी पाहणे, काही तासांनी पुन्हा तपासणे ही न्यूमोनियाच्या उपचारातील मूलभूत कामे होत, आणि ती सर्व वस्तीच्या सीमेवर अडली.

दुसरा दाखला त्याच वर्षीचा आणि खानदेशातला आहे. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून डॉ. आंबेडकर दौऱ्यावर होते. चाळीसगाव स्थानकापासून महारवाडा सुमारे दोन मैलांवर होता. स्थानकाबाहेर भाड्याचे टांगे उभे होते. परंतु अस्पृश्य उतारूला घेऊन टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. अखेर अशी तडजोड झाली की, मालकाने टांगा द्यावा, पण हाकू नये. म्हणून ज्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता, असा वस्तीतलाच एक मनुष्य पुढे बसला. वाटेत नदीवरच्या मोरीवर घोडा उधळला, चाक आदळले, आणि डॉ. आंबेडकर दगडी फरसबंदीवर फेकले गेले. त्यांच्या पायाचे हाड मोडले. वाहन उपलब्ध असणे आणि वाहन मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या प्रसंगावरून जितके स्पष्ट होते, तितके क्वचितच इतर कशाने होईल.

तिसरा दाखला याहून जुना आहे, आणि तो वेस ओलांडल्याचा आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ पसरली. सावित्रीबाई फुले यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळच्या ससाणे यांच्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका मुलास प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत नेले. मुलगा वाचला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. सावित्रीबाईंना मात्र संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. दवाखाना होता, वैद्यही होता. वस्तीपासून दवाखान्यापर्यंत नेणारे कोणी नव्हते, आणि ती एक कडी साठीच्या उंबरठ्यावरून पुढे गेलेल्या एका स्त्रीने आपल्या देहाने जोडली.

आकडे काय सांगतात

एकेका प्रसंगावरून सर्वसाधारण नियम काढणे शास्त्राला मान्य नसते. त्यासाठी मोजमाप हवे. मुंबई शहरात असे एक मोजमाप १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत झाले. साथीतील मृत्यूंची जातवार नोंद पाहता, हिंदूंतील खालच्या मानलेल्या जातींत दर हजारी ६१.६ माणसे मरण पावली. इतर हिंदूंत हे प्रमाण १८.९, मुसलमानांत १९.२, पारशांत ९.० आणि युरोपियनांत ८.३ होते. रोगजंतू एकच होता. परंतु कोंदट खोल्या, अपुरे अन्न, आजारपणातही कामावर जाण्याची सक्ती आणि शुश्रूषेचा अभाव ही सर्व कारणे काही थोड्या वस्त्यांत एकवटली होती, आणि मृत्यूही तेथेच एकवटला.

अमेरिकेत गोऱ्या व कृष्णवर्णीय लोकांच्या वस्त्यांची फारकत कायद्याने, कर्जव्यवहाराने आणि रूढीने घडविली गेली. १९३० नंतरच्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे जे नकाशे तयार केले, त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुधा लाल रंगाने दाखवून कर्जास धोकादायक ठरविल्या होत्या. तेथे नवी घरे, नवे उद्योग आणि त्यांच्या मागोमाग येणाऱ्या सोयी येईनाशा झाल्या. अशा वस्त्यांत हृदय बंद पडलेल्या माणसाचे काय होते, याचा पद्धतशीर अभ्यास अलीकडच्या काळात झाला.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २९ ठिकाणच्या १४,००० हून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. हे सर्व रुग्ण रुग्णालयाबाहेर कोसळलेले होते. रुग्णाजवळच्या एखाद्या माणसाने छातीवर दाब देण्याचा उपचार केला का, हा प्रश्न होता. श्रीमंत गोऱ्या वस्त्यांशी तुलना करता, गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत असा उपचार मिळण्याचा संभव सुमारे निम्मा आढळला. गरीब गोऱ्या वस्त्यांतही तो कमी होता, यावरून दारिद्र्याचा परिणाम दिसतो. परंतु कृष्णवर्णीयांच्या सुस्थितीतील वस्त्यांतही तो श्रीमंत गोऱ्या वस्त्यांपेक्षा कमीच होता. म्हणजे केवळ पैशाने या भेदाचा पुरता उलगडा होत नाही.

२०१७ मधील दुसऱ्या एका अभ्यासात २२,००० हून अधिक रुग्णांच्या नोंदी वस्तीतील कृष्णवर्णीयांच्या प्रमाणानुसार लावण्यात आल्या. जेथे त्यांचे प्रमाण पाव हिश्श्याहून कमी होते, तेथे जवळजवळ निम्म्या रुग्णांना शेजाऱ्या-पाजाऱ्यांकडून उपचार मिळाला. जेथे ते पाऊण हिश्श्याहून अधिक होते, तेथे पाचांपैकी एकालाही तो मिळाला नाही. जिवंत राहिलेल्यांचे प्रमाणही त्याच क्रमाने घटले.

यावरून कृष्णवर्णीय शेजारी कमी दयाळू असतात, असे अनुमान कोणी काढील तर ते चुकीचे ठरेल. प्रशिक्षणाचे वर्ग त्या वस्त्यांत भरत नव्हते. भरले तरी त्यांचे शुल्क परवडत नव्हते. विजेचा धक्का देणारी यंत्रे कार्यालयांत, विमानतळांवर आणि सुखवस्तू भागांत बसविली गेली. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, या भीतीने मदतीसाठी दूरध्वनी करण्यासही लोक कचरत. दयेची उणीव नव्हती. दयेला लागणारे ज्ञान आणि साधन त्या वस्तीपर्यंत पोहोचविले गेले नव्हते.

साखळीच्या शेवटच्या कडीचेही असेच आहे. शिकागो शहराच्या दक्षिण भागात बहुसंख्य कृष्णवर्णीय राहतात. तेथील विद्यापीठाच्या रुग्णालयाने १९८८ साली प्रौढांसाठी असलेला गंभीर जखमांचा विभाग बंद केला. २०१० साली त्या रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावर गोळी लागलेल्या एका अठरा वर्षांच्या तरुणास शहराच्या दुसऱ्या भागातील, काही मैल दूर असलेल्या रुग्णालयात न्यावे लागले, आणि तो मरण पावला. त्याच्या सोबत्यांनी व परिसरातील रहिवाशांनी अनेक वर्षे चळवळ केली. अखेर १ मे २०१८ रोजी तो विभाग पुन्हा सुरू झाला.

वस्तीतूनच उभी राहिलेली सेवा

हा सर्व वृत्तान्त वाचून परिस्थिती बदलणे अशक्य आहे, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु इतिहासात याच्या उलट दाखलाही सापडतो. पिट्सबर्ग शहरातील हिल नावाच्या भागात कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती होती. १९६० नंतरच्या दशकापर्यंत तेथील आजारी माणसाला रुग्णालयात नेण्याचे काम पोलिसांची गाडी करीत असे. रुग्णाला मागच्या बाजूस ठेवीत आणि दोन्ही पोलीस पुढे बसत. वाटेत श्वास बंद पडला तर पाहण्यास कोणी नसे. त्यातच पोलीस येतील की नाही, याचाही भरवसा नसे.

१९६७ साली तेथील फ्रीडम हाउस या संस्थेने डॉ. पीटर साफर यांच्या साहाय्याने रुग्णवाहिकेची सेवा उभारली. तोंडाने कृत्रिम श्वास देण्याच्या पद्धतीचा शास्त्रीय पाया घालणारे तेच हे साफर. त्यांनी त्याच वस्तीतील बेकार तरुण निवडले. त्यांतील कित्येकांचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते. त्यांना सुमारे तीनशे तासांचे शिक्षण देण्यात आले: शरीररचना, श्वासमार्ग मोकळा करणे, छातीवर दाब देणे, रक्तस्राव थांबविणे, आणि धावत्या गाडीत हे सर्व करणे. तेव्हाच्या अमेरिकेत बहुतेक शहरांत रुग्णवाहिका म्हणजे रुग्णाला नुसते उचलून नेणारी गाडी होती. ज्या वस्तीला सर्वांत निकृष्ट सेवा मिळत होती, तिच्याच तरुणांनी देशातील अग्रगण्य सेवा चालवून दाखविली.

१९७५ साली शहराच्या प्रशासनाने आपली स्वतंत्र सेवा सुरू करून फ्रीडम हाउसचा करार संपविला. नव्या सेवेत त्या तरुणांपैकी फारच थोडे टिकू शकले. परंतु त्यांच्या अनुभवावर आधारलेला अभ्यासक्रम डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी सिद्ध केला आणि तो पुढे देशभर उपयोगात आला. विद्या वस्तीत नेता येते, आणि वस्ती ती विद्या इतरांना परत देऊ शकते, हा या प्रयोगाचा निष्कर्ष होय.

भारतीय शहर आणि त्याच्या सीमा

शहरात गेले म्हणजे जात मागे पडते, अशी आपली समजूत असते. २०२३ साली पुढे आलेल्या एका संशोधनात भारतातील सुमारे पंधरा लाख लहान लहान वस्त्यांची माहिती एकत्र करण्यात आली. देशातील सुमारे २६ टक्के मुसलमान अशा वस्त्यांत राहतात की, जेथे पाचांपैकी चारांहून अधिक रहिवासी मुसलमान आहेत. अनुसूचित जातींच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे १७ टक्के आढळले. शहरातील फारकत खेड्यांपेक्षा फारशी कमी नव्हती. शाळा, दवाखाने, पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था या सार्वजनिक सोयीही अशा वस्त्यांत तुलनेने कमी आढळल्या.

हे समजण्यासाठी जयपूरचे उदाहरण उपयोगी पडेल. १७२७ साली सवाई जयसिंग यांनी वसविलेले हे नगर चौकोनी विभागांत आखलेले आहे, आणि त्यातील मोहल्ले व्यवसायांप्रमाणे व जातींप्रमाणे वाटले गेले होते. शहर तटाबाहेर वाढले तेव्हा दक्षिण-पूर्वेस, अरवलीच्या टेकड्यांच्या पायथ्याशी झालाना हा भाग विस्तारला. आज तेथे एका बाजूस बिबळ्यांचे संरक्षित वन, दुसऱ्या बाजूस सरकारी कार्यालये व संस्थांच्या प्रशस्त इमारती, आणि डोंगराच्या कडेने कष्टकऱ्यांच्या कच्च्या वस्त्या, असे तीन निरनिराळे जग एकमेकांस लागून आहेत.

समजा, अशा भागात एकाच वेळी दोन माणसे कोसळली: एक कार्यालयाच्या दारात, दुसरा डोंगरालगतच्या अरुंद बोळात. नकाशावर दोघांचे रुग्णालयापासूनचे अंतर सारखेच भरेल. परंतु पहिल्याच्या पत्त्याला रस्त्याचे नाव आणि इमारतीचा क्रमांक आहे. दुसऱ्याचा पत्ता खुणांनी सांगावा लागतो. पहिल्याच्या दारात गाडी उभी राहते; दुसऱ्याला खाटेवर घालून मोठ्या रस्त्यापर्यंत आणावे लागते. पहिल्याच्या भोवतालच्या माणसांना प्रथमोपचार शिकण्याची संधी मिळालेली असू शकते. दुसऱ्याच्या शेजाऱ्यांना ती बहुधा मिळालेली नसते. असा हिशेब मांडला म्हणजे ‘जवळ’ या शब्दाचा अर्थ बदलतो. आकस्मिक आजारात अंतर मैलांत मोजून उपयोगी नाही. ते मिनिटांत मोजावे लागते.

कायदा, वाहन आणि हात

साखळीच्या काही कड्या राज्यसंस्थेने घडविल्या आहेत. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा यांच्या खटल्यात असा निर्णय दिला की, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य जखमी माणसाचा प्राण वाचविणे हे आहे; पोलिसी सोपस्कार नंतर. १९९६ साली आणखी एका निकालात, सरकारी रुग्णालयाने निकडीचा उपचार नाकारणे म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग होय, असे न्यायालयाने म्हटले. राजस्थानच्या विधानसभेने मार्च २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा संमत केला. निकडीच्या प्रसंगी आगाऊ पैसे न मागता उपचार करावा, असे त्यात सांगितले आहे. अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यास पोलिसांनी वा रुग्णालयाने त्रास देऊ नये, यासाठी २०१९ साली मोटार वाहन कायद्यात स्वतंत्र कलम घालण्यात आले.

वाहनांचीही सोय वाढली. १०८ या क्रमांकावरील रुग्णवाहिकेची सेवा २००५ साली आंध्र प्रदेशात सुरू झाली, राजस्थानात ती २००८ साली आली, आणि महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ वाहनांसह तिचा आरंभ झाला. या वाहनाला हाक मारताना जात सांगावी लागत नाही. चाळीसगावच्या टांग्याशी तुलना केली म्हणजे हा बदल किती मोठा आहे, ते ध्यानात येते.

तरीही कायदा रुग्णालयाच्या दारापाशी उभा असतो आणि वाहन मोठ्या रस्त्यावर. त्यापूर्वीची मिनिटे शेजाऱ्यांच्या हातात असतात, आणि तेथेच शाळा व ग्रंथालये यांचे काम सुरू होते. प्रौढ मनुष्य अकस्मात कोसळला, हाक मारून वा हलवून प्रतिसाद देत नसला आणि त्याचा श्वास नेहमीसारखा चालत नसला, तर एकाने त्वरित १०८ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. दुसऱ्याने त्याला कठीण जमिनीवर उताणे निजवून, छातीच्या मध्यभागी एका तळहाताची टाच ठेवावी, त्यावर दुसरा हात ठेवावा, कोपरे ताठ करावीत, आणि मिनिटाला १०० ते १२० या गतीने जोराने दाब द्यावा. प्रत्येक दाबाने छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जावी आणि नंतर तिला पूर्ववत वर येऊ द्यावे. दमल्यास दुसऱ्याने जागा घ्यावी. पण मदत येईपर्यंत खंड पडू देऊ नये. ही क्रिया वाचून समजते, परंतु जाणत्याच्या देखरेखीखाली हाताने करून पाहिल्यावाचून अंगवळणी पडत नाही.

म्हणून असे वर्ग कोठे भरवावयाचे, हा प्रश्न गौण नाही. ते केवळ मोठ्या शाळांच्या सभागृहांत भरले, तर आज ज्यांच्याजवळ आहे त्यांनाच आणखी मिळेल. नगरपालिकेची शाळा, झोपडवस्तीतील वाचनालय, बांधकामावरील मजुरांचा तळ, महिला मंडळ आणि तालीम येथे ही विद्या आधी गेली पाहिजे. वस्तीतील बोळांना नावे व घरांना क्रमांक लावणे, मोठ्या रस्त्यावर गाडीला सामोरे कोणी जावे हे ठरवून ठेवणे, ही कामे विद्यार्थ्यांनाही करता येण्याजोगी आहेत.

काठेवाडातील त्या स्त्रीच्या बाबतीत वस्तीची सीमा ओलांडण्यास वैद्य तयार झाला नाही. मुंढव्याच्या मुलाच्या बाबतीत एक स्त्री ती ओलांडून गेली. या दोन घटनांत वैद्यकीय ज्ञानाचा भेद फार थोडा होता. अंतर कोणी तोडले, एवढाच काय तो भेद. आजच्या शास्त्राने मिनिटांचा हिशेब नेमका करून दिला आहे. ती मिनिटे प्रत्येक वस्तीला सारखी मिळतात की नाही, हे पाहणे समाजाच्या हाती आहे.